जर्मन विशेषणांची रूपे: विभक्तीची खूण कोणी दाखवायची?

जर्मन शिकणारा विद्यार्थी पहिल्याच तासाला ‘गूटेन टाग’ म्हणायला शिकतो आणि लवकरच ‘गूटे नाख्ट’ही शिकतो. ‘गूट’ म्हणजे चांगला, एवढे त्याला सांगितले जाते. दिवसाबरोबर ‘गूटेन’ आणि रात्रीबरोबर ‘गूटे’ का, हे मात्र त्या वेळी कोणी सांगत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण त्या एका ‘न’मागे लिंग, वचन, विभक्ती आणि आर्टिकल (इंग्रजी ‘द’ किंवा ‘अ’सारखा नामाआधीचा शब्द) अशा चार गोष्टी उभ्या असतात. पुढे ए-२, म्हणजे शिकण्याच्या दुसऱ्या पातळीच्या सुमारास विशेषणांच्या रूपांचे तीन तक्ते समोर येतात. पहिला ‘देर, दी, दास’ या निश्चित आर्टिकलनंतरचा, दुसरा ‘आइन, आइने’ या अनिश्चित आर्टिकलनंतरचा आणि तिसरा आर्टिकल नसतानाचा. चार विभक्ती, आणि प्रत्येकीत तीन लिंगांचे एकवचन व एक सामाईक अनेकवचन, असे प्रत्येक तक्त्यात १६ रकाने असतात आणि तिन्ही मिळून ४८ होतात. पुष्कळ विद्यार्थी हे ४८ रकाने पाठ करतात, परीक्षेत त्यातले बरेच बरोबर लिहितात आणि बोलायची वेळ आली की अडखळतात. यात दोष त्यांच्या स्मरणशक्तीचा नाही. तक्ते हा एका तत्त्वाचा परिणाम आहे, आणि ते तत्त्व न समजता परिणाम पाठ केला तर तो टिकत नाही.

ते तत्त्व असे आहे. आर्टिकल, विशेषण आणि नाम मिळून जो गट बनतो, त्या गटात लिंग, वचन आणि विभक्ती यांची स्पष्ट खूण एकदा तरी दिसली पाहिजे. आर्टिकलने ती दाखवली असेल, तर विशेषण एक साधे, जवळजवळ ठरलेले रूप घेते. आर्टिकल नसेल, किंवा असूनही त्याच्या अंगावर खूण नसेल, तर ती विशेषणाने दाखवावी लागते. जर्मन व्याकरणात विशेषणाच्या पहिल्या प्रकारच्या रूपांना दुर्बल आणि दुसऱ्या प्रकारच्या रूपांना सबल म्हणतात. पुढचे सारे विवेचन या एका वाक्याचा विस्तार आहे.

या लेखात जर्मन शब्द देवनागरीत लिहिताना उच्चारापेक्षा त्यांच्या लेखनाकडे अधिक लक्ष दिले आहे, म्हणजे शेवटचे ‘ए, एन, एर, एस, एम’ हे पाच प्रत्यय नीट ओळखता येतील. प्रत्यक्ष बोलण्यात ‘एन’मधला स्वर बहुधा गिळला जातो आणि ‘एर’ तर ‘अ’च्या जवळ जातो, त्यामुळे ‘गूटे’ आणि ‘गूटेर’ यांतला फरक नवशिक्याच्या कानाला सहज लागत नाही. विशेषणाला लागणारे प्रत्यय एवढे पाचच आहेत. ४८ रकान्यांत हेच पाच पुन्हा पुन्हा येतात.

मराठी भाषकाकडे हा विषय समजून घेण्यासाठी एक भक्कम आधार आहे, पण त्याचा उपयोग वर्गात फारसा केला जात नाही. जर्मनप्रमाणेच मराठीतही तीन लिंगे आहेत, आणि आकारान्त विशेषण नामाप्रमाणे बदलते: चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले मूल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नामाला विभक्तिप्रत्यय लागला की ही तिन्ही रूपे नाहीशी होऊन सगळीकडे ‘चांगल्या’ हे एकच सामान्यरूप येते: चांगल्या मुलाला, चांगल्या मुलीने, चांगल्या घरात. विभक्ती कोणती, हे शेवटचा ‘ला’, ‘ने’ किंवा ‘त’ सांगतो. विशेषण फक्त एवढेच सुचवते की हा शब्द मूळ रूपात नाही. संस्कृतात याउलट स्थिती आहे. तेथे विशेषणालाही नामाइतकीच पूर्ण विभक्ती लागते, ‘सुन्दराय बालकाय’ यात चतुर्थीची खूण दोनदा येते. जर्मनमधले विशेषण या दोन्ही रीती वापरते. आधी आर्टिकल असेल तर ते मराठी विशेषणासारखे वागते, आणि आर्टिकल नसेल तर संस्कृत विशेषणासारखे. फरक एवढाच की मराठीत विभक्तीची खूण गटाच्या शेवटी, नामाला चिकटून येते, आणि जर्मनमध्ये ती सहसा गटाच्या सुरुवातीला, आर्टिकलवर येते.

एक सवय मात्र मराठी भाषकाने सोडावी लागते. ‘वाडा जुना आहे, इमारत जुनी आहे, घर जुने आहे’ असे आपण म्हणतो, म्हणजे विधानात आलेले विशेषणही बदलतो. जर्मनमध्ये ‘आहे’ या अर्थाच्या क्रियापदाबरोबर विधान म्हणून आलेले विशेषण मुळीच बदलत नाही. ‘आल्ट’ म्हणजे जुना किंवा म्हातारा: ‘देर मान इस्ट आल्ट’, ‘दी फ्राउ इस्ट आल्ट’, ‘दास हाउस इस्ट आल्ट’. प्रत्यय लागतो तो नामाच्या आधी, त्याच गटात बसलेल्या विशेषणालाच.

सबल रूपांपासून सुरुवात

बहुतेक पाठ्यपुस्तके निश्चित आर्टिकलनंतरच्या, म्हणजे दुर्बल रूपांपासून सुरुवात करतात, कारण ती सोपी आहेत. माझ्या मते सबल रूपे आधी शिकवावीत, कारण ती नव्याने शिकावीच लागत नाहीत. ज्याला ‘देर, दी, दास’ चालवता येते त्याला ती येतातच. आर्टिकलच्या शेवटी जो ध्वनी आहे तोच विशेषणाच्या शेवटी येतो. वाइन हा शब्द पुल्लिंगी आहे, म्हणून ‘देर वाइन’मधला ‘र’ आर्टिकल गेल्यावर विशेषणावर येतो: ‘रोटेर वाइन’, लाल वाइन. वासेर, म्हणजे पाणी, नपुंसकलिंगी आहे. ‘दास वासेर’मधला ‘स’ विशेषणावर जाऊन ‘काल्टेस वासेर’, थंड पाणी, होते. मिल्श, म्हणजे दूध, जर्मनमध्ये स्त्रीलिंगी आहे. ‘दी मिल्श’चे ‘काल्टे मिल्श’ होते. ‘मिट’, म्हणजे बरोबर, या नामाआधी येणाऱ्या अव्ययानंतर डाटिव्ह (ढोबळमानाने चतुर्थी) विभक्ती येते, आणि तेथे आर्टिकल ‘देम, देर, देम’ असे असल्यामुळे ‘मिट रोटेम वाइन’, ‘मिट काल्टेर मिल्श’, ‘मिट काल्टेम वासेर’ ही रूपे आपोआप मिळतात.

आर्टिकलच्या या शेवटांचा क्रम लक्षात ठेवण्यासाठी ‘रेसे, नेसे, मर्मन, स्रस्र’ असे एक निरर्थक पण उपयोगी सूत्र शिकणाऱ्यांमध्ये प्रचलित आहे. त्यातले चार शब्द म्हणजे अनुक्रमे नॉमिनाटिव्ह, आकुझाटिव्ह, डाटिव्ह आणि गेनिटिव्ह, म्हणजे ढोबळमानाने आपल्या प्रथमा, द्वितीया, चतुर्थी आणि षष्ठी; आणि प्रत्येक शब्दातले चार ध्वनी (जसे र-ए-स-ए) म्हणजे पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग आणि अनेकवचन. अनेकवचनात लिंगभेद उरत नाही, ही जर्मनची मोठी सवलत आहे. मराठीत ‘चांगले मुलगे, चांगल्या मुली, चांगली मुले’ असे तीन प्रकार अनेकवचनातही सांभाळावे लागतात.

आता सुरुवातीच्या अभिवादनांचा उलगडा होतो. ‘गूटेन टाग’ हे ‘मी तुम्हाला चांगला दिवस इच्छितो’ या वाक्याचे उरलेले कर्म आहे. टाग पुल्लिंगी आहे, कर्म आकुझाटिव्हमध्ये आहे, त्या विभक्तीत आर्टिकल ‘देन’ असते, आणि आर्टिकल नसल्यामुळे त्याचा ‘न’ विशेषणावर आला आहे. नाख्ट स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘गूटे नाख्ट’. यार, म्हणजे वर्ष, नपुंसकलिंगी आहे, म्हणून नववर्षाच्या शुभेच्छांत ‘गूटेस नॉयेस यार’. या शेवटच्या उदाहरणात दोन विशेषणे आहेत आणि दोघांनाही सारखाच प्रत्यय लागला आहे. नामाआधी एकापाठोपाठ येणारी विशेषणे एकाच रांगेत उभी असतात. पहिल्याने खूण दाखवली म्हणून दुसऱ्याला सुटका मिळत नाही.

औपचारिक पत्रलेखनातही हीच रूपे भेटतात. पुरुषाला उद्देशून पत्र सुरू करताना ‘सेर गेएर्टेर हेर’ आणि स्त्रीला उद्देशून ‘सेर गेएर्टे फ्राउ’ लिहितात. दोन्हींत नॉमिनाटिव्हची सबल रूपे आहेत. शेवटी ‘मिट फ्रॉइंडलिखेन ग्र्यूसेन’, म्हणजे स्नेहपूर्ण शुभेच्छांसह, असे लिहितात. यात ‘मिट’मुळे डाटिव्ह आहे, वचन अनेक आहे, आणि येथे विशेषणालाही ‘न’ लागला आहे आणि नामालाही, कारण शुभेच्छांचे मूळ अनेकवचन ‘ग्र्यूसे’ असे आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाबाबत करार झाल्यापासून नोकरीसाठी जर्मन शिकणाऱ्या मराठी मुलामुलींची चर्चा वाढली आहे; त्यांपैकी प्रत्येकाला अर्जाचे पत्र लिहावे लागणार आहे, आणि त्या पत्राच्या पहिल्या व शेवटच्या ओळीतच हे व्याकरण बसलेले आहे.

आर्टिकलने काम केल्यावर

निश्चित आर्टिकल असताना विशेषणाला फक्त दोनच पर्याय उरतात, ‘ए’ किंवा ‘एन’. ‘ए’ हा प्रत्यय १६ पैकी पाच जागी येतो: नॉमिनाटिव्ह एकवचनात तिन्ही लिंगांना, आणि आकुझाटिव्ह एकवचनात स्त्रीलिंग व नपुंसकलिंग यांना. उरलेल्या अकरा जागी ‘एन’. हे पाठ करण्याऐवजी असे पाहावे की शब्दकोशात नामाबरोबर जे आर्टिकल छापलेले असते, ते एकवचनात जसेच्या तसे आणि त्याच कामावर असेपर्यंत विशेषण ‘ए’ घेते. आर्टिकल बदलले किंवा अनेकवचन झाले की ‘एन’. ‘देर आल्टे मान’ म्हणजे म्हातारा माणूस. त्याला कर्म केले की ‘देन आल्टेन मान’, डाटिव्हमध्ये ‘देम आल्टेन मान’, गेनिटिव्हमध्ये ‘देस आल्टेन मानेस’. स्त्रीलिंगी ‘दी आल्टे फ्राउ’ कर्म झाली तरी आर्टिकल ‘दी’च राहते, म्हणून विशेषणही ‘आल्टे’च राहते. आपल्या ‘म्हातारा माणूस’ आणि ‘म्हाताऱ्या माणसाला’ या जोडीशी ‘आल्टे’ आणि ‘आल्टेन’ यांचे नाते जवळचे आहे.

‘त्याच कामावर’ ही अट कोणी अनावश्यक समजू नये. ‘देर’ हे आर्टिकल जर्मनमध्ये अनेक भूमिका करते. ते पुल्लिंगी एकवचनाचे नॉमिनाटिव्ह आहे, स्त्रीलिंगी एकवचनाचे डाटिव्ह आणि गेनिटिव्ह आहे, आणि शिवाय सर्व लिंगांच्या अनेकवचनाचे गेनिटिव्ह आहे. अशा वेळी ते दुर्बल म्हटलेले रूपच अर्थ स्पष्ट करते. लेरेर, म्हणजे शिक्षक, या शब्दाचे एकवचन आणि अनेकवचन सारखेच आहे. ‘देर नॉये लेरेर’ म्हणजे नवा शिक्षक, आणि ‘देर नॉयेन लेरेर’ म्हणजे नव्या शिक्षकांचा. आर्टिकल तेच, नाम तेच, आणि सगळा फरक विशेषणाच्या एका ‘न’वर उभा आहे. ‘हे प्रत्यय नसते तरी काय बिघडले असते’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला मी हीच जोडी दाखवीन.

‘देर’प्रमाणेच ‘दीझेर’ म्हणजे हा, ‘येडेर’ म्हणजे प्रत्येक, ‘वेल्शेर’ म्हणजे कोणता, आणि अनेकवचनी ‘आले’ म्हणजे सर्व, हे शब्द स्वतः पूर्ण खूण दाखवतात, म्हणून त्यांच्यानंतरही विशेषण दुर्बल रूप घेते. आर्टिकल अव्ययात मिसळले तरी ते तेथे असतेच: ‘इम’ म्हणजे ‘इन देम’, म्हणून ‘इम नॉयेन हाउस’, नव्या घरात; आणि ‘इन्स’ म्हणजे ‘इन दास’, म्हणून ‘इन्स नॉये हाउस’, नव्या घरामध्ये जाताना.

‘आइन’चा तक्ता हा वेगळा तक्ता नाहीच, असे म्हटले तर शिक्षक कदाचित रागावतील, पण वस्तुस्थिती तशी आहे. ‘आइन’ला बहुतेक जागी पूर्ण प्रत्यय लागतो: आइने, आइनेन, आइनेम, आइनेर, आइनेस. तेथे खूण दिसते, म्हणून विशेषण दुर्बल राहते: ‘मिट आइनेम आल्टेन फ्रॉइंड’, एका जुन्या मित्राबरोबर. फक्त तीन जागी ‘आइन’ उघडे राहते, म्हणजे पुल्लिंगी नॉमिनाटिव्ह, आणि नपुंसकलिंगी नॉमिनाटिव्ह व आकुझाटिव्ह. ‘आइन फ्रॉइंड’ आणि ‘आइन किंड’ यांत आर्टिकल अगदी एकसारखे आहे, त्यावरून मित्र पुल्लिंगी आणि मूल नपुंसकलिंगी हे कळत नाही. म्हणून विशेषण पुढे येते आणि ‘आइन आल्टेर फ्रॉइंड’, ‘आइन क्लाइनेस किंड’ अशी रूपे होतात. ‘माइन, डाइन, झाइन’ (माझा, तुझा, त्याचा) ही षष्ठीवाचक सर्वनामे आणि नकारार्थी ‘काइन’ हे सारे ‘आइन’सारखेच वागतात. मात्र त्यांना अनेकवचन असते, आणि अनेकवचनात ते उघडे नसतात, म्हणून ‘माइने आल्टेन फ्रॉइंडे’, ‘काइने क्लाइनेन किंडेर’. ‘माइने’ला प्रत्यय लागलेला दिसत असूनही ‘माइने आल्टे फ्रॉइंडे’ असे लिहिणे ही मध्यम पातळीवरची फार मोठी चूक आहे.

या तत्त्वाचा सर्वांत शुद्ध पुरावा मला ‘झोल्श’ आणि ‘वेल्श’ या शब्दांत दिसतो. ‘असा चांगला वाइन’ हे जर्मनमध्ये दोन प्रकारे म्हणता येते. ‘झोल्शेर गूटे वाइन’ असे म्हटले तर ‘र’ची खूण पहिल्या शब्दावर आहे आणि विशेषण साधे आहे. ‘झोल्श गूटेर वाइन’ असे म्हटले तर पहिला शब्द उघडा आहे आणि तोच ‘र’ विशेषणावर सरकला आहे. अर्थ तोच आणि शब्दही तेच; फक्त जबाबदारी एका शब्दावरून दुसऱ्या शब्दावर गेली आहे.

संख्यावाचक आणि परिमाणवाचक शब्दांत थोडी सावधगिरी लागते. ‘द्राय’, म्हणजे तीन, याला प्रत्यय नसतो, म्हणून ‘द्राय क्लाइने किंडेर’. पण आर्टिकल आले की ‘दी द्राय क्लाइनेन किंडेर’. ‘फीले’ म्हणजे पुष्कळ, ‘आइनिगे’ म्हणजे काही, ‘वेनिगे’ म्हणजे थोडे, हे स्वतःच विशेषणे मानले जातात आणि पुढच्या विशेषणाच्या रांगेत उभे राहतात, म्हणून ‘फीले गूटे फ्रॉइंडे’. ‘आले’ मात्र आर्टिकलच्या वर्गातले, म्हणून ‘आले गूटेन फ्रॉइंडे’. एखाद्या व्यक्तीचे नाव षष्ठीत आधी आले, तर ते पुढच्या नामाची विभक्ती दाखवत नाही. म्हणून ‘आनास आल्टेर फ्रॉइंड’, आनाचा जुना मित्र, आणि ‘मिट आनास आल्टेम फ्रॉइंड’. ‘देसेन’, म्हणजे ज्याचा, या सर्वनामानंतरही हेच घडते. त्याच्या शेवटी ‘एन’ दिसतो, पण तो पुढच्या नामाशी जुळणारा प्रत्यय नाही, म्हणून ‘मिट देसेन आल्टेम आउटो’ हेच बरोबर.

नाम स्वतः काय करते

जर्मन नाम विभक्तीनुसार फार थोडे बदलते, आणि म्हणूनच आर्टिकल व विशेषण यांच्यावर इतके ओझे येते. सर्वसामान्य नामाला दोनच जागी प्रत्यय लागतो. पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामांना गेनिटिव्ह एकवचनात ‘स’ किंवा ‘एस’ लागतो: ‘देस आल्टेन मानेस’, ‘देस क्लाइनेन किंडेस’. डाटिव्ह अनेकवचनात नामाला ‘न’ लागतो: ‘मिट क्लाइनेन किंडेर्न’. अनेकवचन आधीच ‘न’ने संपत असेल, किंवा ‘आउटोस’सारखे ‘स’ने संपत असेल, तर हा ‘न’ लागत नाही. स्त्रीलिंगी नामे एकवचनात अजिबात बदलत नाहीत.

याला एक अपवाद आहे आणि तो दुर्लक्षित करता येणार नाही. काही पुल्लिंगी नामे नॉमिनाटिव्ह एकवचन सोडून सर्वत्र ‘न’ किंवा ‘एन’ घेतात. यात ‘ए’ने संपणारी सजीववाचक नामे येतात, जसे ‘कोलेगे’ म्हणजे सहकारी, ‘युंगे’ म्हणजे मुलगा, ‘कुंडे’ म्हणजे ग्राहक. तसेच ‘श्टुडेंट’, ‘पात्सिएंट’, ‘पोलित्सिस्ट’ अशी परक्या मूळाची नामे येतात, आणि ‘मेन्श’, ‘हेर’, ‘नाखबार’ असे काही जुने शब्द येतात. रुग्णालयात काम करू इच्छिणाऱ्या परिचारिकेला हे रोज लागेल: ‘आइन नॉयेर पात्सिएंट’ म्हणजे एक नवा रुग्ण, पण कर्म होताच ‘आइनेन नॉयेन पात्सिएंटेन’. येथे आर्टिकल, विशेषण आणि नाम या तिघांच्याही शेवटी ‘एन’ आला आहे. अशा तिहेरी ‘एन’ला घाबरून नामाचा ‘एन’ गाळण्याची प्रवृत्ती दिसते, ती टाळावी.

याच ठिकाणी ‘क्रांक’, म्हणजे आजारी, या विशेषणापासून बनलेला आजारी माणसाचा शब्द शेजारी ठेवून पाहावा. जर्मनमध्ये विशेषणाचे नाम बनवता येते, ते मोठ्या अक्षराने लिहिले जाते, पण चालते मात्र विशेषणासारखेच: ‘देर क्रांके’, ‘आइन क्रांकेर’, ‘आइने क्रांके’, ‘मिट देम क्रांकेन’. म्हणजे ‘पात्सिएंट’ हे नाम आहे म्हणून ‘आइन पात्सिएंट’; ‘क्रांकेर’ हे मुळात विशेषण आहे म्हणून ‘आइन’ उघडे असल्यामुळे ‘र’ त्याच्यावर येतो. सरकारी अधिकारी ‘बेआम्टेर’, कर्मचारी ‘आंगेश्टेल्टेर’, नातेवाईक ‘फेरवांटेर’ हे सारे शब्द असेच आहेत. राष्ट्रीयत्वाच्या नावांतही हा फरक दिसतो: जर्मन माणूस ‘आइन डॉइचेर’, कारण तो शब्द विशेषणापासून झाला आहे, फ्रेंच माणूस ‘आइन फ्रान्त्सोझे’, कारण ते ‘कोलेगे’च्या गटातले नाम आहे, आणि भारतीय माणूस ‘आइन इंडेर’, कारण ते अगदी साधे नाम आहे आणि त्याचे गेनिटिव्ह ‘देस इंडेर्स’ असे होते.

‘एट्वास’ म्हणजे काही आणि ‘निख्ट्स’ म्हणजे काही नाही, हे शब्द कधीच चालत नाहीत, म्हणून त्यांच्यानंतर खूण विशेषणावर येते: ‘एट्वास गूटेस’, ‘निख्ट्स नॉयेस’. ‘आलेस’वर मात्र ‘स’ची खूण आधीच आहे, म्हणून निरोप देताना ‘आलेस गूटे’ म्हणतात आणि ‘आलेस गूटेस’ म्हणत नाहीत.

ही व्यवस्था आली कोठून

याकोब ग्रिम या भाषाशास्त्रज्ञाच्या जर्मन व्याकरणाचा पहिला भाग १८१९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि सबल व दुर्बल हे शब्द या अर्थाने त्याच्यामुळेच रूढ झाले. पण व्यवस्था त्याहून फार जुनी आहे आणि जर्मनिक कुळातील सर्व जुन्या भाषांत आढळते. संस्कृत शिकलेल्या वाचकाला ‘तस्मै’ हे सर्वनामाचे चतुर्थीचे रूप आठवेल, आणि ‘सर्व’ या शब्दाचे रूप ‘देवाय’सारखे न होता ‘सर्वस्मै’ होते, हेही आठवेल. काही मोजक्या शब्दांनी सर्वनामांचे प्रत्यय उचलले, असे संस्कृतात घडले. जर्मनिक भाषांत हे सरसकट सर्व विशेषणांच्या बाबतीत घडले. ‘देम’मधला आणि ‘काल्टेम’मधला ‘म’ हा ‘तस्मै’मधल्या ‘म’चा नातेवाईक आहे. दुर्बल रूपांतला ‘न’ दुसऱ्या मार्गाने, संस्कृतातील ‘राजन्’सारख्या नकारान्त नामांच्या वर्गातून आला, आणि ‘कोलेगे’च्या गटातला ‘न’ही त्याच घराण्यातला आहे.

प्राचीन जर्मनमध्ये, म्हणजे सुमारे ७५० ते १०५० या काळात, दुर्बल रूपांचे प्रत्यय वेगवेगळ्या स्वरांचे होते. पुढे शब्दाच्या पहिल्या अवयवावरच्या जोरदार आघातामुळे शेवटचे स्वर क्षीण होत गेले आणि सगळे मिळून एक पुसट ‘ए’ उरला. म्हणून आज दुर्बल रूपांत ‘ए’ आणि ‘एन’ एवढेच शिल्लक आहे. इंग्रजीने हे सर्व प्रत्यय टाकून दिले. स्वीडिश आणि डॅनिश या भाषांनी निश्चित आणि अनिश्चित यांतला भेद विशेषणावर अजून राखला आहे.

सबल तक्त्यातली एक जागा वर मुद्दाम बाजूला ठेवली होती. आर्टिकलशिवाय पुल्लिंगी किंवा नपुंसकलिंगी गेनिटिव्ह आले, तर सूत्राप्रमाणे विशेषणाला ‘स’ लागायला हवा, पण प्रत्यक्षात ‘एन’ लागतो: ‘ट्रोट्स श्लेख्टेन वेटेर्स’, वाईट हवामान असूनही. कारण ‘वेटेर्स’ या नामाच्या शेवटीच गेनिटिव्हचा ‘स’ बसलेला आहे. खूण नामाने दाखवली, म्हणून विशेषण साधे राहिले. जुन्या जर्मनमध्ये येथे विशेषणालाही ‘एस’ लागत असे, पुढे दोन्ही रूपे काही काळ शेजारी नांदली आणि अखेर ‘एन’ स्थिरावला. पाठ्यपुस्तक याला अपवाद म्हणते. तत्त्वाच्या दृष्टीने तो नियमाचा सर्वांत तंतोतंत वापर आहे.

आजच्या जर्मनीत चाललेला एक वादही याच जागेवरचा आहे. ‘गेल्या वर्षाचा’ हे ‘लेट्स्टेन यारेस’ असे लिहितात, कारण ‘लेट्स्ट’ हे विशेषण आहे आणि ‘यारेस’ने खूण दाखवलेली आहे. ‘या वर्षाचा’ हे प्रमाण जर्मनमध्ये ‘दीझेस यारेस’ असे होते, कारण ‘दीझेर’ आर्टिकलच्या वर्गातला असल्यामुळे त्याने स्वतःची खूण सोडायची नसते. तरीही वर्तमानपत्रांत आणि सरकारी पत्रांतसुद्धा ‘दीझेन यारेस’ वारंवार आढळते, कारण ‘लेट्स्टेन यारेस’च्या सवयीने जर्मन भाषक ‘दीझेर’ला विशेषणाच्या रांगेत बसवून टाकतात. व्याकरणाचे कडवे अभ्यासक त्याला चूक म्हणतात, भाषाशास्त्रज्ञ त्याकडे चालू असलेला बदल म्हणून पाहतात. परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याने ‘दीझेस यारेस’च लिहावे.